मास्तरांची वजाबाकी का चुकली?

२०२५ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. दोन दिवस पावसाची झड लागली होती, त्यामुळे दवाखान्यात पेशंट तुरळक होते. दुपारी एकच्या सुमाराला आमच्या गावातले एक गृहस्थ छत्री मिटवत आत आले. एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले. सगळे गाव त्यांना अण्णा म्हणते. मी नेहमीप्रमाणे विचारले, "काय होतंय, अण्णा?"

"मला काही होत नाही डॉक्टरसाहेब. एवढा कागद बघा."

खिशातून त्यांनी चौघडी घातलेला कागद काढला. मला वाटले रक्ताचा रिपोर्ट असेल. उघडून पाहतो तो वरपासून खालपर्यंत वजाबाक्या! अक्षर मात्र मी लगेच ओळखले. आमच्या हायस्कुलात चौतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांचे ते अक्षर. मीही त्यांचाच विद्यार्थी. आठवीत त्यांच्या हातची छडी खाल्ली आहे आणि दहावीला त्यांच्यामुळेच गणितात बरे गुण मिळाले आहेत.

"मास्तरांचं सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर येईना झालंय," अण्णा हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा असा होता, की जणू कोणाच्या तरी छातीत दुखते आहे हे सांगायला ते आले आहेत.

हे वाक्य वाचकांना कळायचे, तर थोडे मागे जायला हवे.

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ओसरीवर रोज संध्याकाळी पाच वाजता सहा-सात माणसे जमतात. तिथे पत्ते नसतात आणि राजकारणावरची हमरीतुमरीही नसते. आकड्यांची कोडी घालायची आणि सोडवायची, एवढाच त्यांचा उद्योग. मास्तर त्यांचे म्होरके. शिवाय अण्णा, पतपेढीत हिशेब लिहिणारे एकजण, दुकान मुलाच्या हवाली करून येणारे एक किराणा दुकानदार, शिवणकाम करणाऱ्या एक बाई आणि नववीतली दोन मुले. एक जुनी पाटी आहे. ज्याला कोडे सापडले त्याने ते पाटीवर मांडायचे आणि बाकीच्यांनी डोकी खाजवायची. कोणाला घाई नसते. एकेका कोड्यावर दोन-दोन दिवसही जातात.

२०२५ हे साल उजाडले तेव्हा तर या मंडळींना दिवाळीच झाली होती. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे केले तर २० आणि २५. त्यांची बेरीज पुन्हा ४५. एकपासून नऊपर्यंतचे आकडे मिळवले तर ४५ आणि त्यांचे घन मिळवले तर २०२५! शिवणकामवाल्या बाईंनी हे पाटीवर मांडले, तेव्हा किराणा दुकानदारांनी सगळ्यांना पेढे वाटले होते म्हणे.

वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की मूळ संख्या परत मिळते, अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. ५५ घेऊन पाहा. वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळवा. हे कापरेकर आपल्याच नाशिकजवळच्या देवळालीचे, ही गोष्ट आजच्या मुलांना सहसा ठाऊक नसते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. आकड्यांशी खेळणे हाच छंद. पुष्कळ विद्वानांनी त्यांच्या कामाला पोरखेळ समजून बाजूला सारले. पण १९७५ साली अमेरिकेतील प्रसिद्ध कोडेकार मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचा हा शिक्षक जगभरच्या हौशी गणितप्रेमींना माहीत झाला. १९८६ साली ते वारले. आम्ही आठवी-नववीत असताना ते हयात होते आणि आमचे मास्तर वर्गात अभिमानाने सांगत, "नाशकाकडे गेलात तर देवळालीच्या दिशेने नमस्कार करा रे."

आता त्या ६१७४ विषयी. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा. शून्य आले तर तेही अंक म्हणूनच धरा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. एकदा आले की पुढे तेच येत राहते, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४च. कापरेकरांनी हे १९४६ साली शोधून काढले आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. वाचकांनी पेन्सिल घेऊन एकदा जरूर करून पाहावे; आपल्या जन्मसालापासून सुरुवात करायला हरकत नाही.

या खेळात एक गंमत आहे आणि तीच पुढे कामी आली. हा खेळ स्वतःच स्वतःचा तपासनीस आहे. मध्ये एखादी वजाबाकी चुकली तरी चुकलेले उत्तर ही नवीनच संख्या समजायची. तिथून पुन्हा सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येणारच. एका चुकीने गाडी रुळावरून घसरत नाही, फक्त उशिरा पोचते. आणि दुसरे असे, की प्रत्येक उत्तरातल्या अंकांची बेरीज १८ किंवा २७ यांपैकीच काहीतरी येते. हा ताळा मास्तरांनीच मंडळींना शिकवला होता.

अण्णांनी दाखवलेल्या कागदावर मास्तरांनी २०१९ ही संख्या घेतली होती. ९२१० वजा ०१२९, उत्तर ९०८१. बरोबर. ९८१० वजा ०१८९, उत्तर ९६२१. बरोबर. ९६२१ वजा १२६९, उत्तर ८४५२. इथे चुकले. ८३५२ हवे होते. शतकाच्या घरातला हातचा राहून गेला होता. तिथून खाली बावीस ओळी झाल्या तरी ६१७४ चा पत्ता नव्हता. अण्णांनी लाल पेनाने प्रत्येक ओळीपुढे अंकांची बेरीज लिहिली होती. तिकिटांचे हिशेब मांडण्यात जन्म गेलेला माणूस! नऊ ठिकाणी ना अठरा होते, ना सत्तावीस. आणि बहुतेक ठिकाणी चूक एकच होती. हातचा.

"मास्तर काय म्हणाले?" मी विचारले.

"म्हणाले, आज आकडाच खोटा आहे. पाटी पालथी घातली आणि उठून गेले. चार दिवस झाले, ओसरीवर आले नाहीत."

माझी चूक

इथे मला एक कबुली द्यायची आहे. हे व्हायच्या आधी दहा दिवस मास्तर माझ्याकडे येऊन गेले होते. डोके दुखते, विशेषतः सकाळी, आणि उत्साह वाटत नाही, अशी तक्रार होती. मी रक्तदाब पाहिला, तो त्यांच्या मानाने ठीक होता. डोळे तपासून घ्या म्हणालो. पॅरासिटामॉलच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर हसत हसत म्हणालो, "सर, आता चौऱ्याहत्तर झालीत. थोडं चालायचंच." बाहेर पंधरा पेशंट बसले होते. डोक्याला काही मार लागला होता का, हे विचारायला अर्धे मिनिट लागले असते. मी विचारले नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा टाकला. मास्तर झोपाळ्यावर बसले होते. माझ्याशी नीट बोलले, पण थोडे थांबून थांबून. काकू म्हणाल्या, "डोकं अगदी शाबूत आहे हो त्यांचं. कालच नातवाला अख्खी अडीचकी म्हणून दाखवली." मी म्हटले, "सर, मलाही ऐकवा." मास्तरांनी अडीचकी म्हटली, पाऊणकी म्हटली, कुठेही अडखळले नाहीत. घरच्यांना शंका का आली नाही, ते मला कळले.

पाढे आणि वजाबाकी ही बाहेरून एकाच जातीची कामे दिसतात. मेंदूला ती तशी नाहीत. लहानपणी घोकलेले पाढे आरतीसारखे असतात, ते जिभेवरून उतरतात. हातच्याची वजाबाकी मात्र दर वेळी नव्याने करावी लागते. कितीतून किती गेले, शेजारच्या घरातून काय उसने घेतले, ते लक्षात ठेवून पुढच्या घरात जायचे. पाढे तोंडपाठ असलेला आणि वजाबाकीत अडणारा रुग्ण, तसेच याच्या उलट वजाबाकी करणारा पण पाढे हरवलेला रुग्ण, असे दोन्ही प्रकार डॉक्टरांनी नोंदवले आहेत. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक माणसांत हिशेबाचा मोठा भार मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर जरा मागे असलेल्या भागावर असतो. व्हिएन्नातील डॉक्टर जोसेफ गेर्स्टमान यांनी १९२४ साली एका अशा रुग्णाचे वर्णन केले, जिला स्वतःच्याच हाताची बोटे ओळखता येईनात. पुढे त्यांनी अशा रुग्णांत चार गोष्टी एकत्र आढळतात हे दाखवले: बोटे ओळखता न येणे, डावे-उजवे न कळणे, लिहिता न येणे आणि हिशेब न जमणे. मुले बोटांवर मोजायला शिकतात आणि मेंदूतही बोटे व आकडे शेजारी शेजारी राहतात, हे वाचले तेव्हा मला मोठे नवल वाटले होते.

मी मास्तरांना शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. ही डॉक्टरांची जुनी चाचणी आहे. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असे उतरत जायचे असते. मास्तर शहाऐंशीपर्यंत आले, थांबले आणि म्हणाले, "एकोणनव्वद." मग माझ्याकडे पाहिले. आपले काहीतरी चुकले हे त्यांना कळले होते. काय चुकले ते कळत नव्हते. माझ्या गणिताच्या शिक्षकाला मी त्या अवस्थेत कधी पाहीन असे वाटले नव्हते.

डोळे मिटून दोन्ही हात, तळवे वर करून, समोर धरायला सांगितले. दहा-पंधरा सेकंदांत उजवा हात हळूहळू खाली येऊ लागला आणि तळवा आत वळला. हे वयाचे लक्षण नव्हे.

"काकू, गेल्या दोन महिन्यांत सर कुठे पडले होते का?"

"पडले नाहीत." मग त्या थबकल्या. "मे महिन्यात पुतणीच्या लग्नात मांडवाचा बांबू लागला होता डोक्याला. पण रक्त नाही, चक्कर नाही. टेंगूळ आलं, हळद लावली. त्यालाही आता पाच-सहा आठवडे झाले."

हळूहळू साठणारे रक्त

डोक्याला मार लागला की धोका त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, असा आपल्याकडे समज आहे. रात्रभर लक्ष ठेवले, उलटी झाली नाही, सकाळी चहा घेतला, म्हणजे संपले. तरुण माणसात बहुधा ते खरेही असते. साठीनंतर मात्र हिशेब वेगळा. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो. जुन्या अक्रोडातला गर जसा सुटतो तसा तो कवटीत जरासा सैल होतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून त्याच्या बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात. मग साधा धक्काही पुरतो. एखादी शीर फाटते, आवरणाखाली थेंब थेंब रक्त जमते. एकदम दाब वाढत नाही म्हणून त्रासही एकदम होत नाही. तीन आठवडे, सहा आठवडे, कधी त्याहूनही उशिरा डोके दुखू लागते, माणूस सुस्तावतो, चाल मंदावते, बोलताना शब्द अडतात, स्वभाव बदलल्यासारखा वाटतो. तोवर मार लागल्याचे घरचे विसरून गेलेले असतात.

मास्तरांची चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली होती आणि रक्त गोठू न देणारी गोळी चालू होती. अशा गोळ्यांनी हा धोका वाढतो. ती गोळी दर महिन्याला मीच लिहून देत होतो. (म्हणून कोणीही वाचकाने आपली गोळी परस्पर बंद करू नये. ती न घेतल्याने हृदयाला होणारा धोकाही तेवढाच खरा आहे. मात्र ही गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर तो कितीही किरकोळ वाटो, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जिल्ह्याच्या गावी नेऊन सी.टी. स्कॅन केला. डाव्या बाजूला मेंदूच्या आवरणाखाली जुन्या रक्ताचा चंद्रकोरीसारखा थर होता. मेंदू त्याखाली दबून उजवीकडे सरकला होता. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. मेंदूची शस्त्रक्रिया म्हटले की घरच्यांचे पाय लटपटतात, पण हा प्रकार त्या मानाने सुटसुटीत असतो. कवटीला लहान भोके पाडतात आणि साठलेले रक्त वाहून जाऊ देतात. ते रक्त लाल नसते. मोटारीच्या जुन्या ऑइलसारखे काळपट आणि पातळ असते. धोका अजिबात नसतो असे नाही. वयस्क रुग्ण, आधीचा हृदयविकार, आणि काहींच्या बाबतीत रक्त पुन्हा साठते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून नंतरचे काही आठवडे लक्ष ठेवावे लागते. मास्तरांच्या बाबतीत पुन्हा साठले नाही.

कोडी सोडवल्याने स्मृतिभ्रंश टळतो का?

ही बातमी गावात पसरली तेव्हा मला पंधरा दिवसांत किमान दहा जणांनी हा प्रश्न विचारला. एका गृहस्थांनी तर सुदोकूची तीन पुस्तके आणून "रोज किती डोस?" असे विचारले. (सुदोकू हा खरे तर गणिताचा खेळ नव्हेच. १९७९ साली तो अमेरिकेत वेगळ्या नावाने छापला गेला आणि १९८४ पासून जपानात रुजला. त्यात बेरीज नाही, वजाबाकी नाही. आकड्यांऐवजी नऊ भाज्या मांडल्या तरी खेळ तोच राहतो. ते तर्काचे काम आहे आणि तेही चांगलेच आहे.)

प्रामाणिक उत्तर असे, की कोडी हे स्मृतिभ्रंशाचे औषध असल्याचा पुरावा नाही. न्यूयॉर्कमधील पंचाहत्तरीपुढच्या वृद्धांच्या एका पाहणीत, जी २००३ साली प्रसिद्ध झाली, वाचन करणाऱ्या, पटावरचे खेळ खेळणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या आणि नाचणाऱ्या लोकांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. पण ज्यांचा मेंदू आधीच शाबूत आहे तेच खेळ खेळतात, की खेळल्यामुळे मेंदू शाबूत राहतो, हे अशा पाहणीवरून ठरत नाही. स्कॉटलंडमधील ॲबरडीनच्या संशोधकांनी हा गुंता जास्त चांगला सोडवला. १९३६ साली जन्मलेल्या आणि वयाच्या अकराव्या वर्षी शाळेत बुद्धिमापन चाचणी दिलेल्या ४९८ जणांचा त्यांनी उतारवयात मागोवा घेतला. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यभर डोके चालवणाऱ्यांची पातळी म्हातारपणी वरची होती, मात्र घसरणीचा वेग त्यांच्यातही तोच होता. म्हणजे काय, तर घाटाच्या वरच्या टप्प्यावरून उतरू लागले तर तळ उशिरा येतो; उतार काही कमी होत नाही. माझ्या मते हेही थोडके नाही.

मेंदूला व्यायाम म्हणून विकले जाणारे मोबाइलवरचे खेळ हा मात्र वेगळा विषय. अमेरिकेत २८०० हून अधिक वृद्धांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, ज्याचे पहिले निष्कर्ष २००२ साली आले, असे दिसले की ज्या गोष्टीचा सराव करून घेतला तीत माणसे सुधारली, पण रोजच्या कामांत तो फायदा फारसा उतरला नाही. वजाबाकीच्या सरावाने वजाबाकी सुधारते. चष्मा कुठे ठेवला ते आठवेलच असे नाही. वयानुसार होणारी घसरण रोखण्याचा दावा पुराव्याशिवाय केल्याबद्दल तिथल्या सरकारी यंत्रणेने २०१६ साली अशा खेळांच्या एका कंपनीकडून २० लाख डॉलर वसूल केले. महिन्याला पैसे भरून असले खेळ घेण्यापेक्षा पाटी-पेन्सिल बरी, असे मी पेशंटांना सांगतो.

याउलट ज्यांचा पुरावा बराच भक्कम आहे त्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, म्हणून त्या कोणी विचारत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाशी निगडित अशा चौदा गोष्टी सांगितल्या, ज्यांबाबत काही करता येते. उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील घातक चरबी, तंबाखू, दारू, लठ्ठपणा, बैठे आयुष्य, नैराश्य, डोक्याला मार, हवेचे प्रदूषण, कमी शिक्षण, ऐकू कमी येणे, दिसायला कमी येणे आणि एकटेपणा. शेवटच्या तिन्हींकडे आपल्या घरांत फार दुर्लक्ष होते. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून घरात त्यांच्याशी बोलणे कमी होते, बोलणे कमी झाले म्हणून ते कोपऱ्यात बसतात आणि कोपऱ्यात बसतात म्हणून "त्यांचं आता डोकं चालत नाही" असे ठरते. श्रवणयंत्राला नाके मुरडणारी हीच मंडळी स्मरणशक्तीच्या टॉनिकवर महिन्याला हजार रुपये घालवतात.

आणि ओसरीवरच्या मंडळींनी जे केले ते कोणत्याही टॉनिकच्या बाटलीत मिळत नाही. मास्तर घरी एकटे बसून कोडी सोडवत असते, तर ६१७४ येईना म्हणून त्यांनी कागद फाडून टाकला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. घरच्यांनी पाढे ऐकले आणि ते निर्धास्त राहिले. डॉक्टरने वय मोजले आणि गोळ्या दिल्या. रोज शेजारी बसणाऱ्या वाहकाला मात्र ठाऊक होते की हा माणूस हातचा विसरणारा नव्हे.

विसरभोळेपणा किंवा हिशेबातली चूक काही आठवड्यांत नव्याने सुरू झाली असेल, तर ती स्मृतिभ्रंशाच्या खात्यात टाकण्याआधी कारण शोधलेच पाहिजे. रक्त साठणे हे त्यांतले एक. ब जीवनसत्त्वातील बी-१२ ची कमतरता आपल्याकडे शाकाहारी घरांत पुष्कळ आढळते. थायरॉइड मंदावणे, रक्तातील सोडियम उतरणे, मधुमेहाच्या गोळीने साखर फार खाली जाणे, झोपेच्या गोळ्या, नैराश्य, साधा मूत्रमार्गाचा संसर्ग. यांतल्या बऱ्याच गोष्टी साध्या रक्त-लघवीच्या तपासणीत आणि मोकळ्या चौकशीत सापडतात आणि त्यांवर उपाय आहेत. मोतीबिंदूमुळे १ आणि ९ यांत घोटाळा करणारे एक हिशेबनीस मी पाहिले आहेत. त्यांचा मेंदू ठणठणीत होता.

शाळेत न गेलेल्या माणसाची परीक्षा शंभरातून सात वजा करायला लावून घेऊ नये, हेही जाता जाता सांगतो. आमच्या बाजारातल्या भाजीवाल्या आजींना आकडा लिहिता येत नाही, पण सव्वा किलो वांगी आणि अर्धा किलो भेंडी यांचे पैसे त्या माझ्याआधी सांगतात. त्यांना विचारायचे ते सुट्या पैशांचे. आणि त्या सुटे पैसे वारंवार चुकीचे देऊ लागल्या, तर गिऱ्हाइकाने मुकाट्याने फायदा घेण्याऐवजी त्यांच्या मुलाच्या कानावर घालावे.

मास्तरांना घरी आणले त्यानंतर आठवड्याने मी टाके काढायला गेलो. डोक्याला पांढरी टोपी, समोर पाटी. २०२५ हे साल घेतले होते. ५२२० वजा ०२२५, उत्तर ४९९५. मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सहाव्या ओळीला ६१७४. काकू दारात उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या. मी बोलत बोलत, त्यांच्या नकळत, प्रत्येक ओळीच्या अंकांची बेरीज मनात करत गेलो. सत्तावीस, अठरा, सत्तावीस, अठरा.

"अरे डॉक्टर," मास्तर पाटीवरून नजर न काढता म्हणाले, "शेवटच्या दोन ओळी राहिल्या तुझ्या तपासायच्या."